खिशातला कांदा

"खिसे उलटे करा," गाइडबाईनं खुणेनं सांगितलं, आणि इसाकला हसू आलं. आचाऱ्याच्या खिशात सापडून सापडून काय सापडणार? मसाल्याचा वास.

रबरी होडी वाळूला लागली होती. लीलाधरशेठ, त्यांचा मुलगा दीपक, सून पुनम, सगळे खिसे झटकून, बुटांचे तळ धुऊन बेटावर उतरलेसुद्धा. या बेटांवर बाहेरचं बी, फळ, माती, काही म्हणता काही न्यायचं नाही, हे रोज बजावलं जायचं. पण ते वर, डेकवर. इसाक तेव्हा खाली स्वयंपाकघरात असायचा. खासगी यॉट करून शेठ जगाच्या टोकाला आले होते आणि तिथंही त्यांना दोन्ही वेळेला शेवभाजी लागत होती. त्यासाठीच तर चोपडा गावचा हा आचारी विमानात घालून आणला होता. बेटामागून बेट गेलं. इसाकनं पाहिलं ते गोल खिडकीतून, तेही फोडणी जळणार नाही अशा बेतानं.

आजचं बेट शेवटचं. सकाळी शेठ स्वतःहून म्हणाले होते, "चाल रे इसाक, तू बी देख. आज थंडं जेवन चाली जाई."

उभं राहून राहून पाय सुजले होते त्याचे, पण त्या एका वाक्यानं अंगात जीव आला. घरी मंतशा वाट बघत होती. त्याची लेक, चौथीतली. 'माझे अब्बा सी लायनच्या बेटावर आहेत' असं तिनं वर्गात सांगितलं आणि समुद्रात कुठं सिंह असतो का म्हणून अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. तेव्हापासून तिचा एकच हट्ट: "अब्बा, एक फोटो. तुम्ही आणि सी लायन, दोघं जवळजवळ."

आणि सी लायन होते की तिथं! लांब वाळूत, लग्नाची पंगत उठल्यावर आडव्या झालेल्या वऱ्हाड्यांसारखे ढेऱ्या वर करून लोळत होते. उतरायचं, थोडं चालायचं आणि त्यांच्यापर्यंत पोचायचं, एवढंच काम उरलं होतं.

इसाकनं खिशात हात घातला. हाताला कांदा लागला.

आता चोपड्याच्या माणसाला उन्हात निघताना कांदा घ्यायची आठवण ठेवावी लागत नाही. चप्पल पायात जाते, कांदा खिशात जातो. झळ लागायची ती कांद्याला लागते, माणूस वाचतो. आजीनं सांगितलेलं, आणि त्याची बायको जमीला फोन ठेवताना अजूनही रोज सांगायची. सकाळी त्यानं टोपलीतला एक उचलून खिशात टाकला होता आणि विसरून गेला होता.

"काय शे रे हाई?" शेठनी विचारलं.

"कांदा शे, शेठ."

"आठे बेटवर बी?"

"सवय शे."

त्यानं तो बाहेर काढला आणि घोळच झाला. कांद्याला हिरवा कोंब फुटलेला. त्यात वारा आला, आणि खिशातली टरफलं उडून वाळूवर पसरली. गाइडबाई गुडघ्यांवर बसून एकेक टरफल वेचू लागली. इसाक मदतीला उतरायला गेला, तर तिनं हात वर करून त्याला होडीतच थांबवलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, म्हणून त्याला जास्तच लाज वाटली.

पुनमनं तिचं बोलणं मराठीत सांगितलं, "इसाकभाऊ, कपड्यांना अजून काय काय चिकटलं असेल, सांगता येत नाही म्हणतात. आज तुम्हाला उतरता येणार नाही."

शेठनी कांद्याकडे पाहिलं. लहानपणी तेही खिशात कांदा घालूनच शाळेत गेले असणार. पण सुनेसमोर आणि त्या परक्या बाईसमोर ते "बस आरामशीर," एवढंच म्हणाले आणि चालू लागले.

होडीवाला तोंडावर टोपी ओढून झोपला. कांदा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून होडीच्या टोकाला ठेवलेला. इसाक उन्हात बसून राहिला. त्याला रडावंसं वाटत होतं, पण रडायलाही अंगात त्राण लागतं. शेवटी त्यानं मोबाइल काढला, किनाऱ्याकडे पाठ केली आणि हात लांब करून फोटो घेतला.

यॉटवर सूर्य बुडायला आला तेव्हा चोपड्यात उजाडलं होतं. सकाळच्या शाळेसाठी दोन वेण्या घालून मंतशा फोनसमोर बसली होती.

"अब्बा, यात तर नुसते तुम्हीच आहात."

"मागं बघ ना बेटा. काळं काळं दिसतंय ते."

तिनं फोटो बोटांनी मोठा केला. बराच वेळ पाहिला. "दगड वाटतोय," ती म्हणाली. चिडली नाही, रडली नाही. दप्तर उचललं आणि निघून गेली.

जमीलानं फोन हातात घेतला. "पोरगी केवढी आस लावून बसली होती. जवळ जायला काय झालं होतं? उतरलात का नाही?"

कांद्याचं अगदी ओठावर आलं होतं. पण इतक्या लांबून रोज न चुकता त्याच्या खिशाची काळजी करणारी बाई ती. तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

"ऊन फार होतं," तो म्हणाला.

"कांदा ठेवला होता ना खिशात?"

"ठेवला होता."

"मग!" जमीला म्हणाली. "कांदा असल्यावर उन्हाला काय भ्यायचं? बिनघोर उतरायचं."