परत आलेला दिवा

अगदी शप्पथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे! नदी आटली तेव्हा गावानं घाटावर भलाथोरला पडदा लावला. त्यातली नदी शाल्मलीनं कॉम्प्युटरवर बनवली होती. समोर दिवा धरला की तसाच दिवा पडद्यातल्या पाण्यात तरंगत निघायचा.

गोदूकाकूंनी गेलेल्या नवऱ्याच्या नावानं दिवा सोडला. घटकाभरात तोच दिवा प्रवाहाच्या वरच्या अंगानं परत आला.

"शाल्मले, बघ गं! ह्यांचा पाय निघत नाहीये!" म्हणत काकू तिथेच बसल्या. दोन दिवस जेवायलाही हलल्या नाहीत.

शाल्मलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आळसापायी तिनं थोडंसंच पाणी बनवून तेच पुन्हा पुन्हा फिरवलं होतं. शेवटी तिनं काकूंचे पाय धरून सगळं कबूल केलं.

बरं बाई, कबूल केलं हे मी पदरचं घातलं. ती नुसती म्हणाली, "हो काकू, काकाच आलेत."