दप्तरी दाखल

माहिती अधिकारात मिळालेला झेरॉक्सचा गठ्ठा साडूंनी माझ्यापुढे ठेवला. "रमाकांतराव, तुमचा जन्म सरकारी कागदांत गेलाय. माझ्या क्लबची चुगली कोणी केली, तेवढं शोधून द्या."

परवाना करमणुकीच्या क्लबचा होता. आत मात्र पैसे लावून तीन पत्ती चालायची. त्यावर साडूंचा बंगला झाला, गाडी आली आणि सासरी पहिलं पान त्यांचं मांडू लागले. मला ते बघवेना. परवाना शाखेला मीच अर्ज टाकला होता, टाइप केलेला आणि भीतीपोटी बिनसहीचा. पुढे धाड पडली, जुगाराचा खटला उभा राहिला, त्या दिवशी मी घरी श्रीखंड नेलं.

आता मी पानं उलटू लागलो. तक्रारी एक नव्हे, अकरा निघाल्या. दहा जणांच्या नावांवर कार्यालयानं काळी पट्टी मारली होती. माझ्या अर्जाखाली झाकायला नावच नव्हतं. समासात शेरा होता: "निनावी. कार्यवाहीची आवश्यकता नाही. दप्तरी दाखल." हाच शेरा मी स्वतः नोकरीत शेकडो अर्जांवर मारला होता.

म्हणजे धाड माझ्यामुळे पडलीच नव्हती!

साडूंचा चेहरा मात्र खुलला. "अकरा माणसं जळतात माझ्यावर!" मग चष्मा सावरून त्यांनी नेमका माझाच अर्ज उचलला, तो शेरा वाचला आणि हळहळले, "हा कोण बिचारा? याला धड जळताही येत नाही."