अप्पांचा शेरा

"खरा आसा मां ह्या?" कौसल्याबाईंनी फोन पुढे केला आणि पदराने उगाच तोंड पुसलं.

अप्पा परबांनी चष्मा चढवला. काळाचौकीच्या त्या चाळीत कुणालाही सरकारी नावाने ईमेल आला की तो आधी अप्पांच्या टेबलावर यायचा. एकतीस वर्षं त्यांनी सरकारी कचेरीत मसुदे तपासण्यात घालवली होती. चुकीचा कागद दिसला की त्यांना चैन पडायचं नाही. हातातल्या लाल पेनाने शेरा मारूनच तो खाली ठेवायचे. रिटायर झाले तरी पेन खिशात होतंच.

गेल्या महिन्यात तळमजल्यावरच्या दौलतला टॅक्सचा परतावा मिळतोय म्हणून मेल आला, तेव्हा दोन ओळी वाचून अप्पांनी फोन परत दिला होता. "बोगस. कचेरी तुला 'प्रिय ग्राहक' कशाला म्हणेल? तू काय साबण घेतलायस त्यांच्याकडून?" दौलत वाचला.

कौसल्याबाईंचं प्रकरण मात्र वेगळं होतं. नवऱ्याची उभी हयात गिरणीत गेली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरून तो वाट बघत राहिला आणि वाट बघताबघताच गेला. आता बाई एकट्या, भाड्याच्या खोलीत. मालक दर अकरा महिन्यांनी डोळे वटारायचा. मरायच्या आधी एकदा तरी स्वतःच्या दाराला कुलूप लावायचंय, एवढंच त्यांचं म्हणणं.

गणपतीच्या आधी त्यांना पहिला मेल आला होता. तुम्हाला घर लागलंय, चोवीस तासांत पैसे भरा. तो घेऊन त्या धावत जिना चढल्या होत्या.

"शिपाईसुद्धा असलं पत्र लिहिणार नाही," अप्पा म्हणाले होते. कौसल्याबाईंचा चेहरा एवढासा झाला. अप्पांना फार वाईट वाटलं, आणि मग त्या भामट्यांचा संताप आला. "फोन तासभर राहू दे इथे. बघतोच मी त्यांच्याकडे." बाई फोन ठेवून पाणी भरायला गेल्या. तासाभराने अप्पांनी फोन परत केला, विषय संपला.

आणि आज, दिवाळी तोंडावर असताना, हा दुसरा मेल.

अप्पा वाचू लागले. वर जावक क्रमांक होता. तारीख मंगळवारची, म्हणजे कचेरी चालू असतानाची. अर्जाचा संदर्भ दिलेला. पैसे भरायला पंधरा दिवसांची मुदत, सरकारी कामात असते तशी. सहीखाली अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा. तळाला 'प्रत माहितीसाठी' म्हणून तीन कार्यालयांची नावं. अप्पांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. लाल पेन खिशातच राहिलं.

"अप्पा, पाठवणाऱ्याचा पत्ता बघा ना," त्यांची सून सुरुची ओट्यापासून म्हणाली. "मला सरकारी वाटत नाही तो."

"तू पत्ता बघतेस, मी कागद बघतो," अप्पा म्हणाले. "असा मसुदा लिहायला कचेरीत वीस वर्षं घासावी लागतात. चोराचिलटांचं काम नाही ते."

"पण एकदा त्या कचेरीत जाऊन विचारलं तर?"

"मी सांगतोय ना."

सुरुची पुन्हा ओट्याकडे वळली. अप्पांनी चष्मा काढला. "कौसल्याबाई, खरं आहे हे. तुम्हाला घर लागलं."

बाई खाली वाकून त्यांच्या पाया पडल्या. अप्पा संकोचले, पण मनातून सुखावलेही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आईच्या पाटल्या मोडल्या आणि पहिला हप्ता भरला. लालबागहून पेढे आणले. सगळ्या चाळीत वाटले, त्यातले दोन अप्पांच्या हातावर ठेवले. मग महिनाभर काहीच कळेना, तेव्हा सुरुची त्यांना घेऊन घरं देणाऱ्या त्या सरकारी कार्यालयात गेली.

दुपारी दोघी परतल्या. सुरुचीने नुसती मान हलवली. असा जावक क्रमांक तिथे नव्हता, त्या नावाचा अधिकारीही नव्हता.

"चुकलं माझं," अप्पा म्हणाले.

"तुमी तरी काय करतलास, अप्पानू," कौसल्याबाई म्हणाल्या. "माझ्या नशिबातच नाय ता." त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "ह्यो हयच ठेवा. माका बघूक नको." आणि भिंतीचा आधार घेत जिना उतरून गेल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अप्पांना वाटलं.

"उद्या पोलिसांत जाऊ," सुरुची म्हणाली. "पहिला मेल पण लागेल त्यांना. असेल का हो फोनमध्ये? की पुसलात तेव्हा?"

"पुसला नाही," अप्पा म्हणाले. "शोधतो."

आधी त्यांनी दुसरं पत्र पुन्हा उघडलं. एवढा आपला डोळा चुकला कुठे, ते त्यांना बघायचं होतं. यावेळी पेन हातात होतं. ओळीमागून ओळ वाचली, काहीच खटकेना. आपल्याला पाहिजे तसं, नेमकं तसंच सगळं होतं. मग ते मागे मागे जात गणपतीच्या आधीच्या मेलपर्यंत पोचले. पाठवणाऱ्याचा पत्ता दोन्हींचा एकच होता.

त्याखाली उत्तर होतं, त्यांनी स्वतः एका बोटाने तासभर टाइप केलेलं. जावक क्रमांक नाही. तारीख रविवारची आहे. मुदत किमान पंधरा दिवस हवी. सही करणाऱ्याचा हुद्दा नाही. प्रती कोणाला ते नमूद नाही. आणि शेवटी, एकतीस वर्षांच्या सवयीने लिहिलेली ओळ: 'वरील त्रुटींची पूर्तता करून पत्र फेरसादर करावे.'