घड्याळ कुठे द्यायचं?

सासऱ्यांचं जुनं चावीचं मनगटी घड्याळ महिन्यात तिसऱ्यांदा बंद पडलं आणि नवऱ्याचा पारा चढला. “बाबा, आता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच देऊ.” “त्या पोरांना काय कळतंय? याला कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्या बाईंचाच हात लागतो!” “मग सारखं बंद का पडतं?” बाबांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. नवरा मोबाईलवर सेंटरचा पत्ता शोधू लागला. मी सहज घड्याळ उचलून चावी फिरवली, तर टिकटिक सुरू! म्हणजे बाबांनी चावीच दिली नव्हती. सासूबाई गेल्यापासून चुरगळलेल्या सदऱ्यात वावरणारे बाबा आज कडक इस्त्रीत, मिशीला कलप लावून उभे होते. मी हळूच चावी बाहेर ओढली, काटा थांबला. “बंदच आहे हो,” मी नवऱ्याला सांगितलं. “बाबा, बाईंकडेच न्या. आणि त्यांना म्हणावं, एकदा घरी येऊन भिंतीवरचं घड्याळही बघा.” ते तर ठणठणीत चालू होतं.