कोपऱ्यावरचं कुलूप

"नाही उघडत," म्हणत किल्लीवाल्याने तार पुन्हा कुलपात घातली.

गल्लीतल्या बाकी बंद दुकानांची कुलपं त्याने सकाळी चुटकीसरशी उघडली होती. कोपऱ्यावरच्या याच दुकानापाशी घोडं अडलं. दुकान त्याच्या थोरल्या भावाचं. वस्तीजवळचा कारखाना बंद पडला, बाजार बसला आणि दादाने एका दुपारी गल्ल्यावरच मान टाकली. शटर ओढून कुलूप लावलं ते किल्लीवाल्यानेच. किल्ली त्या गडबडीत हरवली, असं तो सांगे.

आज मात्र शटर वर जायलाच हवं होतं. चर्चच्या मंडळींनी गल्ली झाडली होती, भिंती रंगवल्या होत्या. दुकानदार आणि शेजारीपाजारी त्यांच्या बरोबरीने राबले होते. बेकरीवाला इथे भट्टी लावणार होता, विक्रीला वहिनी बसणार होती. पण बेकरीवाल्याला दुसऱ्या वस्तीतूनही बोलावणं होतं. दुपारच्या घंटेपर्यंत जागा मिळाली नाही, तर तो भट्टीचा टेम्पो तिकडे वळवणार होता. मग या मेलेल्या बाजारात कोण कशाला फिरकेल?

"कुलपानं तुझीच हजामत केली की काय!" न्हावी म्हणाला. कुणीच हसलं नाही. "बाजूला हो, फोडूनच टाकू."

"हातोडा लावाल तर खबरदार!" किल्लीवाला शटरला पाठ लावून उभा राहिला. त्याचा आवाज चिरकला. तो घामाने निथळत होता, तरी शर्टाचं गळ्याशी असलेलं बटण त्याने सोडलं नव्हतं.

"फादर, घंटा जरा थांबवा ना," न्हावी पाद्र्याकडे वळला.

"घंटा थांबवीन रे बाबा," पाद्री हताशपणे म्हणाला, "पण तो थांबणार नाही."

बेकरीवाल्याने टेम्पो सुरू केला होता. किल्लीवाला खाली बसला आणि तार कुलपात नुसतीच फिरवू लागला. 

नवा एप्रन घातलेली वहिनी गर्दीतून पुढे आली. त्याच्याशेजारी उकिडवी बसली. मग फक्त त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"भाऊजी, तुमचे दादा आत नाहीत हो. काढा ती गळ्यातली किल्ली."