जिन्याचा दगड

आई गेल्यापासून अलकनंदा वडिलांच्या मागे लागली होती, नोएडाच्या आमच्या नव्या घरी राहायलाच या म्हणून. "मुलीच्या घरी दोन दिवस यावं, बिऱ्हाड मांडू नये," हे अप्पांचं ठरलेलं उत्तर. पण त्या घराच्या जिन्यासाठी दगड निवडायचाय म्हटल्यावर मात्र स्वारी काठी टेकत दुकानात हजर.

दुकानदाराने आरशासारखा चकचकीत दगड पुढे केला. अप्पांनी बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं, चप्पल काढली आणि पाऊल हळूच पुढे सरकवलं. "ये तो घसरगुंडी है, भाई."

मग खरखरीत ग्रॅनाइट आला. त्यावरही पाणी. "रेवा आता चालायला लागेल," लेकीच्या कडेवरच्या नातीकडे बघत ते म्हणाले, "तिच्यासाठी बघतोय हो." आणि काठी ओल्या दगडावर तिरकी टेकवून तिच्यावर सगळा भार टाकला. काठी जागची हलली नाही.

रेवा कुठे काठी घेऊन चालणार आहे, असं अलकनंदाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने रेवाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"हाच घे. वीस वर्षं झिजायचा नाही."

"बरं. आणि कठडा? एका बाजूला पुरे ना, अप्पा?"

"दोन्हीकडे लाव." अप्पा खाली बघत चप्पल शोधू लागले. "काठी मी उजव्याच हातात धरतो, चढताना काय नि उतरताना काय."