कठड्यातला देव

देव चराचरात भरलाय हे सांगायला दिगूला नेमकी जेवायची वेळ सापडायची. आवडाक्कानं तळलेल्या बांगड्याला हात घातला की हा म्हणणार, "आई, यातही देवच आहे." इंजिनियर झाला म्हणून काय झालं, आईच्या घासात देव कालवायचा ही काय रीत झाली?

पण याच लेकानं खाडीच्या चिखलावरून, खारफुटीतून थेट पाण्यापर्यंत लाकडी वाट बांधली होती. चाकांची खुर्ची जाईल अशी. कुठे पायरी नाही की उंबरा नाही. जिथे जन्मभर तिसऱ्या-शिंपल्या वेचल्या ती खाडी आवडाक्कानं कंबर मोडल्यापासून पाहिली नव्हती. म्हणून उद्घाटनाआधीची पहिली फेरी तिची.

खुर्ची गडगडत टोकाला पोचली. दिगूनं हात पसरले. "बघ आई. पाणी, चिखल, खेकडे, बगळे. सगळा देवच."

आवडाक्कासमोर होती कठड्याची रुंद, गुळगुळीत फळी. उभ्या माणसाला कोपर टेकायला झकास, बसलेल्याच्या बरोबर डोळ्यांपुढे. तिनं मान उंच केली, वाकडी केली. खाडीचा वास तेवढा आला.

"मला फळी दिसते," ती म्हणाली.

दिगू तिच्याशेजारी उकिडवा बसला, आणि त्याचा चेहरा उतरला. तरी जित्याची खोड. पुटपुटला, "फळीतही देवच आहे, आई."

"असेल. मग जत्रेतल्या नाटकाला पुढे उभ्या राहणाऱ्याला सांगतात तसं त्याला सांग, बाबा, खाली बस, मागच्यांना दिसत नाही."